अंतर मोजणारे वडील

शास्त्रपाठ : अनुवाद २१:१–९, नहेम्या ३ व ५, मत्तय २७:२४, प्रेषितांचीं कृत्यें ६:१–७.

गांवांत कांहीं बिघडलें म्हणजे तें नीट कसें करावें ह्या प्रश्नाच्या आधीं तें काम कोणाचें हा प्रश्न निघतो. नळाला पाणी येत नाहीं, हापशाचा दांडा मोडून महिना झाला, शाळेच्या भिंतीला लागून सांडपाण्याचें डबकें सांचलें. वस्तीवरचे लोक म्हणतात, हें ग्रामपंचायतीचें काम. सरपंच म्हणतात, ही योजना जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषदेच्या कचेरींत सांगतात, योजना पुरी करून गांवाच्या ताब्यांत दिली, आतां देखभाल गांवानें करावी. पंचायत म्हणते, लोक पाणीपट्टी भरीत नाहींत तर दुरुस्ती कशाच्या बळावर करावी? आणि लोक म्हणतात, जें पाणी आलेंच नाहीं त्याची पट्टी काय म्हणून भरावी? येणेंप्रमाणें गोष्ट जेथून निघाली तेथेंच परत येते, आणि तोंवर वस्तीवरच्या बाया दुसऱ्याच्या विहिरीवर घागरी घेऊन उभ्या असतात. ह्यांतील एकेक उत्तर निराळें घेतलें तर तें अगदींच खोटें नाहीं, हीच ह्या भांडणांतली खरी अडचण आहे. खोटें बोलणाऱ्याला धरतां येतें. प्रत्येकजण थोडेंथोडें खरें बोलत असला म्हणजे कोणालाच धरतां येत नाहीं.

आमच्या मंडळ्यांतून ह्या प्रसंगीं आणखी एक उत्तर ऐकूं येतें, तें असें कीं, हीं सरकारदरबारचीं कामें. मंडळीनें भजन व प्रार्थना करावी, तंट्यांत पडूं नये. तंट्यांत पडूं नये हें आम्हांसही मान्य आहे. परंतु काम कोणाचें हें शोधणें म्हणजे तंटा नव्हे. तें शोधून न काढल्यामुळेंच पुष्कळ तंटे होतात. हा शोध कसा करावा ह्याची रीत देवानें आपल्या लोकांना नियमशास्त्रांतच घालून दिली आहे. तो अध्याय उपासनेंत क्वचितच वाचला जातो, आणि वाचला गेला तरी त्यांतील कालवडीचा विधि चमत्कारिक वाटून वाचणारा पुढें निघून जातो. आज आपण तेथें थोडें थांबूं.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायांत मोशे असा प्रसंग सांगतो कीं, रानांत एका मनुष्याचें प्रेत पडलेलें आढळलें आहे. त्याला कोणीतरी जिवें मारिलें, परंतु मारणारा कोण हें कोणास ठाऊक नाहीं. जागा उघड्या रानांतली, भोंवतालीं कांहीं नगरें, आणि प्रत्येक नगराला 'तें आमच्याकडचें नव्हे' असें म्हणावयास सोय. आपल्याकडे असें घडलें तर काय होईल हें खेड्यांत वाढलेल्या मनुष्याला सांगावयास नको. रातोरात तें प्रेत शेजारच्या हद्दींत नेऊन ठेवावें, असाही विचार कोणाच्या तरी मनांत येईल! मोशे सांगतो कीं, वडिलांनीं व न्यायाधीशांनीं त्या जागीं जावें आणि प्रेतापासून भोंवतालच्या नगरांपर्यंतचें अंतर मोजावें. जें नगर सर्वांत जवळ ठरेल त्याच्या वडिलांनीं, जिच्याकडून कधीं काम घेतलें नाहीं व जिनें जूं ओढिलें नाहीं अशी कालवड घेऊन, वाहत्या पाण्याच्या व नांगर न लागलेल्या खोऱ्यांत तिची मान मोडावी. याजकांनीं जवळ यावें. मग त्या वडिलांनीं कालवडीवर आपले हात धुवावे, आणि हें रक्त आम्ही पाडिलें नाहीं व पडतांना पाहिलेंही नाहीं असें सांगून देवाजवळ लोकांसाठीं क्षमा मागावी.

ह्यांत वडील आधीं बाहेर निघतात आणि पाळी कोणाची हें मागाहून ठरतें. आपल्या ओट्यावर बसून कोणी हद्द सांगत नाहीं, कारण प्रेताजवळ जाऊन उभें राहिल्यावांचून दोरी लावतांच येत नाहीं. कचेरींत बसून दिलेलें उत्तर आणि पारावर बसून केलेली तक्रार ह्या दोहोंतही हीच उणीव असते. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत अलीकडे पायीं चालत कोण गेलें आहे, असें विचारिलें तर दोन्ही बाजूंचे लोक बहुधा खालीं पाहतील. शिवाय दोरीला मोठें गांव व लहान गांव कळत नाहीं. ज्याच्या बाजूला माणसें अधिक, किंवा ज्याचा आवाज मोठा, त्याचें अंतर दोरीनें अधिक भरत नाहीं.

परंतु ह्या पाठांतील मुख्य गोष्ट ह्याहूनही पुढें आहे. जवळचें नगर दोषी आहे, असें शास्त्र म्हणत नाहीं. उलट त्या नगरच्या वडिलांनीं आपली निर्दोषता देवासमोर बोलून दाखवावी अशी आज्ञा आहे. तरीही कालवड त्यांनींच द्यावयाची, खोऱ्यांत त्यांनींच उतरावयाचें, क्षमाही त्यांनींच मागावयाची. म्हणजे दोष ही एक गोष्ट आणि जबाबदारी ही दुसरी. गांवच्या भांडणांत ह्या दोहोंचा घोळ होतो. आपण दुसऱ्याला दोषी ठरवूं लागलों कीं तो आपली निर्दोषता सिद्ध करूं लागतो, आणि ती सिद्ध झाली म्हणजे आपलें काम संपलें असें त्याला वाटतें. सरपंच म्हणतात, ही नळयोजना माझ्या आधींच्या पंचायतीनें केली. खरें असेल. वस्तीवरचा मनुष्य म्हणतो, गटार मीं बुजविलें नाहीं. हेंही खरें असेल. मोशेच्या नियमाप्रमाणें हें बोलण्याची वेळ कालवड दिल्यानंतरची आहे, आधींची नव्हे. आणि न जुंपलेली कालवड देणें म्हणजे काय, हें आमच्या शेतकरी वाचकांना आम्हीं काय सांगावें? ती पुढल्या कित्येक वर्षांची आशा असते.

मराठींत जबाबदारी टाळण्याला आपण हात झटकणें म्हणतों. सांडलेल्या रक्तासंबंधानें हात धुतल्याचा दुसरा प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे, तो पिलाताचा. तो सुभेदार होता. शिपाई त्याचे, न्यायासन त्याचें, सोडण्याचा अधिकारही त्याचा. त्यानें पाणी मागविलें, लोकांसमोर हात धुतले, आणि तुमचें तुम्ही पाहा असें म्हणून मोकळा झाला. अनुवादांतील वडिलांनीं आपल्या हातून होण्यासारखें होतें तितकें करून मग हात धुतले. पिलातानें आपल्या हातून होण्यासारखें होतें तें करावें लागूं नये म्हणून धुतले. पाणी सारखेंच होतें. अधिकारी मनुष्य 'हें लोकांनींच ठरविलें' असें म्हणतो तेव्हां त्याचें म्हणणें ह्या दोहोंपैकीं कोणत्या जातीचें आहे, हें आपणांस ओळखतां आलें पाहिजे.

शिवेची व अंतराची ही गोष्ट आमच्या पुष्कळ मंडळ्यांच्या पूर्वजांना नवी नव्हती. दोन गांवांत शिवेविषयीं वाद पडला म्हणजे पूर्वीं महाराची साक्ष प्रमाण मानीत, कारण शीव कोठून कोठें जाते हें त्याला ठाऊक असे. ज्याच्या शब्दावर गांवची हद्द ठरे, त्याला त्याच हद्दींतल्या विहिरींत घागर बुडवितां येत नसे. गांवाचें काम करण्याची जबाबदारी त्याची आणि गांवाच्या पाण्यावरचा हक्क दुसऱ्यांचा, असा तो हिशेब होता. हा हिशेब रहिवाशी व अधिकारी ह्यांनीं मिळून कसा चालू ठेविला, हें त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील महाड गांवीं उघड झालें.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मान्य झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य म्हटलेल्या लोकांना वापरूं द्याव्या, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें सर्वांना खुलें केल्याचा ठराव केला. पुढें काय झालें? कांहींच झालें नाहीं. नगरपालिकेच्या दप्तरांत ठराव होता, आणि तळ्याच्या पायऱ्यांवर जुनी चाल होती. नगरपालिकेला आपलें कर्तव्य झालें असें म्हणतां येत होतें, आणि रहिवाशांना ठराव नगरपालिकेचा, आमची रीत निराळी, असें म्हणतां येत होतें. ह्या दोन उत्तरांच्या मध्यें तीन वर्षें गेलीं. मग २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांच्यामागून हजारों लोक तळ्यापर्यंत चालत गेले व पाणी प्याले. त्याबद्दल त्यांना मार खावा लागला, आणि तळें विटाळलें म्हणून घागरी ओतून त्याची शुद्धि करण्यांत आली. त्याच वर्षीं ४ ऑगस्ट रोजीं, म्हणजे बोले ह्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षें होतांच, नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव परत घेतला. गांवांतील कांहीं रहिवाशी दिवाणी न्यायालयांत गेले व तळें खाजगी आहे असें म्हणूं लागले. जें इतकी वर्षें गांवाचें होतें तें नको असलेला मनुष्य पाणी पिऊं लागतांच खाजगी झालें! शेवटीं १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांचें म्हणणें फेटाळिलें. अनादि काळापासूनची म्हणून सांगितलेली चाल सिद्ध होत नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. पाणी पिण्यापासून ह्या निकालापर्यंत दहा वर्षें लागलीं. पुढें २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत, सरकारी पैशानें राखलेल्या विहिरी व तळीं ह्यांबाबत धर्म किंवा जात ह्यांवरून कोणाही नागरिकास मनाई करितां येणार नाहीं, असें लिहिलें गेलें.

आमच्या मतें ह्या प्रकरणांत नगरपालिकेचा १९२४ चा ठराव हा वाईट नव्हता. तो चांगलाच होता, पण तो करणाऱ्यांपैकीं कोणी ठराव हातांत घेऊन तळ्यापर्यंत चालत गेला नाहीं. तें अंतर मोजलें तें तहानेल्या माणसांनीं स्वतःच्या पायांनीं. वास्तविक तें काम त्यांचें नव्हतें.

आतां नहेम्याकडे वळूं. यरुशलेमेचा तट मोडून पडला होता. तो कोणी बांधावयाचा? तिसऱ्या अध्यायांत नांवांची लांबलचक यादी आहे. उपदेशकबंधु ती बहुधा गाळतात. परंतु ती सावकाश वाचावी, कारण ती गांवच्या कामाची वांटणी आहे. प्रमुख याजक व त्याचे भाऊ एक वेस बांधीत आहेत. सोनार आहेत, सुगंधी द्रव्यें करणारे आहेत. यरीहो गांवचे लोक दुसऱ्या गांवचे असूनही आले आहेत. अर्ध्या यरुशलेम प्रांताचा अधिकारी शल्लूम आपल्या मुलींसह काम करीत आहे. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला आहे हें आमच्या भगिनींनीं पाहावें. कित्येकांविषयीं म्हटलें आहे कीं, त्यांनीं आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. आणि बेथ-हक्केरेम प्रांताचा अधिकारी मल्कीया ह्याच्या वांट्याला कोणता भाग आला? उकिरडा वेस. प्रांताचा अधिकारी आणि जेथून गांवाची घाण बाहेर जाई ती वेस! त्यानें ती बांधिली, दारें बसविलीं, कड्या व अडसर लाविले.

ह्याच यादींत एक काळी ओळ आहे. तकोवा गांवच्या लोकांनीं आपला भाग बांधिला, परंतु त्यांच्यांतील थोर लोकांनीं ह्या कामाला मान लाविली नाहीं. मान न लावणें म्हणजे जूं नाकारणें. जूं ओढणाऱ्या बैलाप्रमाणें वांकावयास ते तयार झाले नाहींत. यादींत इतकीं नांवें असतां ह्या थोरांपैकीं एकाचेंही नांव दिलेलें नाहीं. आणि तकोवाच्या साध्या लोकांनीं काय केलें? 'आमचे पुढारी करीत नाहींत तर आम्ही कां करावें,' असें म्हणून ते घरीं गेले असते तर आपल्यापैकीं कोणी त्यांना नांवें ठेविलीं नसतीं. सत्ताविसाव्या वचनांत ते पुनः दिसतात, तटाचा दुसरा एक भाग बांधीत असलेले.

मात्र येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. तकोवाच्या लोकांचें उदाहरण सांगून गरिबाच्या माथ्यावर दुप्पट काम घालणें सोपें आहे, आणि तसें पुष्कळदां होतें. 'गांव करी तें राव न करी' ही म्हण लोकांनीं आपसांत म्हटली तर ती उमेदीची आहे. पगारी अधिकाऱ्यानें लोकांना ऐकविली तर ती हात झटकण्याची युक्ति आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवाचें उदाहरण नेहमीं देतात. तेथें १९८९ नंतर लोकांनीं श्रमदानानें पाणलोटाचीं कामें केलीं हें खरें; परंतु तेथें सरकारी योजनांचा पैसाही आणिला गेला व तो कामावर लागला, हें सांगणारे फार थोडे. आणि नहेम्याच्या पांचव्या अध्यायांत जेव्हां गरीब लोक व त्यांच्या बायका आरोळी करितात कीं, दुष्काळांत धान्यासाठीं शेतें गहाण पडलीं, राजाच्या करासाठीं कर्ज काढावें लागलें, मुलें दास्यांत गेलीं, तेव्हां तुम्हीही थोडें समजून घ्या असें नहेम्या त्यांना म्हणत नाहीं. तो थोर लोकांना व अधिकाऱ्यांना दोष देतो, मोठी सभा भरवितो, आणि शेतें व व्याज परत करण्याची शपथ त्यांच्याकडून याजकांसमोर घेववितो. स्वतः सुभेदार असून बारा वर्षें त्यानें सुभेदाराचा भत्ता खाल्ला नाहीं. ज्याच्या हातीं अधिक आहे त्याच्याजवळ काम अधिक, असा ह्या मोजणीचा अर्थ आहे.

आपल्या गांवांत ही मोजणी कशानें करावी? दोरी आपल्याला कायद्यानें दिली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमाप्रमाणें पाणी, स्वच्छता, रस्ते, गटारें इत्यादि सूचींतील कामांची तजवीज करणें हें पंचायतीचें कर्तव्य आहे. मात्र तेथें असे शब्द आहेत कीं, ग्रामनिधि पुरेल तितपत. सारीं भांडणें ह्या शब्दांच्या आडोशाला बसतात. निधि पुरत नाहीं असें उत्तर मिळालें म्हणजे लोक रागावून परत येतात. रागावूं नये, निधि किती आला आणि कोठें गेला तें पाहावें. २०२१ ते २०२६ ह्या कालासाठीं पंधराव्या वित्त आयोगानें पंचायतींना दिलेल्या अनुदानांपैकीं शेंकडा ६० भाग पाणी व स्वच्छता ह्यांच्यासाठींच राखून ठेविला होता. तो आपल्या गांवीं किती आला व कशावर लागला, हें ग्रामसभेंत विचारण्याचा प्रत्येक मतदारास अधिकार आहे, आणि ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरली पाहिजे. विचारणाऱ्यानें स्वतःची घरपट्टी व पाणीपट्टी शक्य तोंवर भरलेली असावी. जो थकबाकीदार आहे त्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाहीं, पण त्याच्या तोंडावर फेंकावयास एक दगड समोरच्याला मिळतो.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वांटणींत दुर्लक्ष होत असे, आणि त्यामुळें कुरकुर सुरू झाली. तोंपर्यंत लोक आपला पैसा प्रेषितांच्या पायांशीं आणून ठेवीत असत. म्हणजे तक्रार त्यांच्याच कारभाराविषयीं होती. त्यांनीं कुरकुर करणारा कोण ह्याची चौकशी केली नाहीं, आणि विधवांना धीर धरावयासही सांगितलें नाहीं. त्यांनीं सर्व शिष्यांना बोलाविलें आणि साफ सांगितलें कीं, देवाचें वचन सोडून पंक्तीची व्यवस्था पाहणें हें आमचें काम नव्हे. येथें वाचणारा दचकेल, कारण हेंच वाक्य आपण कचेरीच्या खिडकीशीं नेहमीं ऐकतों! परंतु प्रेषितांचें वाक्य तेथें संपलें नाहीं. सात मनुष्य निवडा, त्यांच्यावर हें काम आम्ही सोंपवूं, असें तें पुढें चालतें. लोकांनीं सात जण निवडिले. त्या सातांचीं नांवें हेल्लेणी आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडच्याच मनुष्यांच्या हातीं वांटणी गेली असें दिसतें. प्रेषितांनीं त्यांच्यावर हात ठेविले, आणि काम दुसऱ्याच्या हातीं नांवानिशीं गेल्यावरच त्यांनीं आपला हात काढून घेतला.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यांत ह्याच धर्तीची एक लहानशी तरतूद आहे, ती उपदेशकबंधूंनीं लक्षांत ठेवावी. अर्ज भलत्याच कचेरींत दिला गेला, तर हें आमचें नव्हे म्हणून तो परत करावयाचा नाहीं. ज्या कचेरीचें तें काम असेल तिच्याकडे त्याच कचेरीनें तो पांच दिवसांच्या आंत पाठवावयाचा आणि अर्जदारास तसें कळवावयाचें. कलम सहावें, पोटकलम तिसरें. अर्ज लिहून देणारा एखादा शिकलेला तरुण प्रत्येक मंडळींत असतोच.

हा धडा शिकवितांना वर्गानें निदान एकदां बाहेर पडावें असें आम्ही सुचवितों. ज्या गोष्टीविषयीं गांवांत वाद आहे, मग तो नळ असो, गटार असो कीं स्मशानभूमीची वाट असो, तेथवर सर्वांनीं चालत जावें. पाणी कोठवर येतें व कोठें थांबतें, तें आपल्या डोळ्यांनीं पाहून तारखेसह वहींत लिहावें. वरच्या आळींतल्या शेजाऱ्यांनाही बरोबर येण्यास बोलवावें, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. अनुवादांतही एकाच नगरचे वडील मोजणीला गेले असें नाहीं. परत आल्यावर वर्गांत विचारावें : ही योजना कोणत्या कचेरीनें केली, आणि आज ती कोणाच्या ताब्यांत आहे, हें कागदावर कोणी पाहिलें आहे काय? ह्या कामांत दोष कोणाचा हें क्षणभर बाजूला ठेविलें, तर सर्वांत जवळ कोण ठरतो? आपल्या घरासमोरचा भाग कोणता? आपल्यांत तकोवाचे थोर कोण, आणि त्यांचें नांव घेण्याची आपणांस भीति वाटते काय? आणि गांवच्या गेल्या ग्रामसभेला आपल्या मंडळींतून कोण कोण गेलें होतें?